मखमली डबी आणि आतलं नाणं

"प्रूफ नाणं म्हणजे शंभर टक्के शुद्ध चांदी ना गं?" हा प्रश्न मला ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलाय, हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणींनी विचारलाय, सख्ख्या जावेने तर दोनदा विचारलाय. प्रत्येक वेळी मी हातातलं काम बाजूला ठेवून नीट सांगते, कारण या एका गैरसमजावर बाजारात किती पैसे उडतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

तर नाही, प्रूफचा आणि शुद्धतेचा तसा काही संबंध नाही. प्रूफ ही नाणं पाडायची पद्धत आहे. साधं नाणं धडाधड पाडतात, मिनिटाला शेकड्यांनी, आणि ते टोपल्यात एकमेकांवर आपटत पडतं. प्रूफचं तसं नसतं. त्याची चकती आधी पॉलिश करतात, डाय म्हणजे ठसा, त्याची सपाट बाजू घासून घासून चकचकीत करतात आणि चित्राचा खोलगट भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात, मग प्रेस हळू चालवून जोरात, एकाहून जास्त वेळा ठोका देतात, आणि पुढे हातमोजे घालूनच ते नाणं उचलायचं. म्हणून मोकळी जागा आरशासारखी आणि चेहरा, अक्षरं, सिंह दुधाळ पांढरे दिसतात. आता चांदी किती? २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला जे ७५ रुपयांचं नाणं निघालं ते घ्या. ३५ ग्रॅम वजन, ४४ मिलिमीटर व्यास, आणि त्यात चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. निम्मीच चांदी. आणि तरीही त्याचं प्रूफ निघालं तर ते अस्सल प्रूफच.

मला हे वेड लागलं ते गिरगावातल्या मामामुळे. मामा बेस्टमध्ये कारकून होता, पगार बेताचा, पण फोर्टातल्या मिंटमध्ये नवीन सेट आला की बुकिंग करून यायचाच. शहीद भगतसिंग मार्गावरची ती टांकसाळ बाहेरून तुम्ही हजारदा बघितली असेल, समोर रिझर्व्ह बँक, पुढे उंच दगडी खांब, १८२९ पासून तिथे आहे. माझं ऑफिस त्याच भागात, त्यामुळे सीएसएमटीवर उतरून चालत जाताना ती इमारत रोज दिसते आणि अजूनही माझी मान त्या बाजूला वळतेच. एवढ्या गर्दीतून, एवढ्या हॉर्नमधून जाताना त्या भिंतीआड आपल्या देशाचं नाणं पडतंय हा विचार मला आजही फार मोठा वाटतो.

मामाकडच्या नाण्यांत माझं सगळ्यात लाडकं म्हणजे १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं. पंधरा ग्रॅम, चौतीस मिलिमीटर, चांदी ८० टक्के. आपल्याकडे स्मारक नाणी सुरू झाली १९६४ ला, नेहरूंच्या नाण्याने, पण ते चांदीचं नव्हतं. चांदी आली ती या गांधींच्या नाण्यात. आणि त्याची एक गंमत म्हणजे त्यावर १९६९ हे साल कुठेच नाही, फक्त १८६९ ते १९४८ असं लिहिलंय. नवीन माणूस हमखास गोंधळतो, "हे काय, नाणं ४८ सालचं की काय?" म्हणतो. त्यानंतर १९७२ ला स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचं दहा रुपयांचं आलं, ते आकाराने मोठं, साडेबावीस ग्रॅमचं, पण चांदी निम्म्यावर आलेली. म्हणजे आत शुद्ध चांदी सव्वाअकरा ग्रॅम, आणि गांधींच्या छोट्या नाण्यात बारा. मोठं दिसतं ते जास्त चांदीचं, असा हिशेब इथे चालत नाही.

ही निम्म्या चांदीची कल्पना तशी जुनीच. तुमच्या घरी देव्हाऱ्यात किंवा आजीच्या पेटीत राजाछाप रुपया असेल तर बघा. राणीछाप आणि आधीच्या राजाछाप रुपयात चांदी जवळजवळ ९२ टक्के, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा. मग महायुद्ध आलं, चांदी पुरेना, आणि १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी पन्नास टक्क्यांवर आणली, सोबत तांबं, निकेल आणि जस्त. म्हणजे संसद भवनाच्या नाण्याला जो मसाला आहे तोच. शिवाय खोटे रुपये फार फिरायला लागले म्हणून त्याच वेळी त्या रुपयाच्या कडेला वेगळ्या प्रकारची सुरक्षेची कड दिली. बनावट नाण्यांची डोकेदुखी आजची नाही, आणि तिचं उत्तर तेव्हाही कडेवरच होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे येतेच मी कडेवर.

त्याआधी एक सांगते, कारण इथे निम्मे लोक घसरतात. धनत्रयोदशीला आपण सराफाकडून जे आणतो, लक्ष्मी-गणपतीचं, दहा ग्रॅम वीस ग्रॅमचं, त्याला आपण चांदीचं नाणं म्हणतो, पण सरकारी अर्थाने ते नाणंच नाही. त्यावर किंमत नाही, भारत लिहिलेलं नाही, सिंहमुद्रा नाही. ते चांदीचं बिल्लं आहे, चांगलं असेल तर ९९९ चं असेल, त्यात खोटं काही नाही. खरं नाणं फक्त सरकारी टांकसाळीतूनच निघतं, २०११ च्या नाणे कायद्याने एक हजार रुपयांपर्यंतचं नाणं काढता येतं, म्हणून तर १२५, १५०, ३५०, ५५० असे विचित्र आकडे दिसतात. गुरु गोविंदसिंगांच्या ३५० व्या जयंतीचं ३५० चं, गुरु नानकांच्या ५५० व्याचं ५५० चं. आता अडचण कुठे होते, की महाराजांची, बाबासाहेबांची, साईबाबांची बिल्ली कोणीतरी छान डबीत घालून "स्मारक नाणं" म्हणून विकतं आणि घेणारा भक्तिभावाने घेतो. विकत घेताना एकच करा, नाण्यावर किती रुपये लिहिलेत ते शोधा. सापडले नाहीत तर ते बिल्लं आहे, बिल्ल्याच्याच भावाने घ्या.

आता डबी. मी इतकी वर्षं हे करतेय आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कंच होत चाललंय की या बाजारात लोक नाणं विकत घेतच नाहीत, डबी विकत घेतात. निळी किंवा लाल मखमल, वरती सोनेरी छाप, आत एक छापील कार्ड. ती उघडल्यावर जो टक् आवाज येतो त्यावर माणूस भुलतो. पण डबी काय, कुठल्याही बॉक्सवाल्याकडे बनवून मिळते, कार्ड कुठल्याही प्रेसमध्ये छापून मिळतं, आणि खऱ्या सेटची रिकामी डबीसुद्धा बाजारात विकली जाते. रिकामी डबी कोण घेत असेल आणि कशाला, याचा जरा विचार करा. त्या मानाने खोटं नाणं बनवणं कठीण आहे, कारण धातू खोटं बोलत नाही.

मागे एका प्रदर्शनात, मोठा हॉल, टेबलांच्या रांगा, एका काकांच्या टेबलावर डॉ. आंबेडकरांचं १२५ रुपयांचं नाणं दिसलं. ६ डिसेंबर २०१५ ला निघालेलं, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षाचं. दादरला राहणाऱ्या माणसाला ६ डिसेंबर काय असतो ते सांगावं लागत नाही, रात्रभर माणसं चालत येत असतात चैत्यभूमीकडे, आणि हे नाणं आपल्या घरात असावं असं त्यातल्या किती जणांना वाटत असेल. म्हणूनच त्याला कायम गिऱ्हाईक, आणि जिथे कायम गिऱ्हाईक तिथे नकल.

"घ्या ताई, पॅक पीस आहे. बॉक्स, सर्टिफिकेट, सगळं ओरिजिनल."

"काका, या प्लास्टिकच्या कॅप्सूलमधून काढून बघू का?"

"काढून? अहो, मग पॅक कुठला राहिला?"

हे वाक्य मला दर प्रदर्शनात ऐकू येतं आणि सगळी मेख त्यातच आहे, की पॅक म्हणजे न बघितलेलं, आणि न बघितलेल्याला जास्त भाव. मी म्हटलं, काका, न काढता जेवढं दिसतं तेवढं तर बघू द्या. कॅप्सूल हातात घेऊन सिंहमुद्रा सरळ धरली आणि उभ्या अक्षावर फिरवली, म्हणजे पुस्तकाचं पान उलटतो तशी. आपल्या नाण्यांत दोन्ही बाजूंचं डोकं वरच असतं, तर मागचा चेहरासुद्धा सरळ उभा दिसायला हवा. इथे किंचित कललेला होता, आणि अक्षरांच्या मुळाशी जिथे दुधाळपणा कापल्यासारखा थांबायला हवा तिथे तो आजूबाजूच्या आरशात पसरला होता. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं, काटा आहे का तुमच्याकडे. काका भला माणूस, त्यांनी स्वतःच कॅप्सूल उघडलं, हातमोजा घातला आणि नाणं काट्यावर ठेवलं. पस्तीस हवे होते, काटा तेहतिसाच्या जरा खालीच थांबला. काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, एका घरातून सगळा लॉट उचलला होता, त्यातलं आहे हे. आणि ते त्यांनी टेबलावरून उचलून खिशात टाकलं, परत मांडलं नाही. अशी माणसं या धंद्यात आहेत म्हणून मी अजून प्रदर्शनांना जाते.

वजन तेहतिसाला का आलं यात काही जादू नाही. त्याच आकाराचं, त्याच जाडीचं नाणं चांदीऐवजी तांबं-निकेलमध्ये पाडलं तर ते हलकं भरणारच, कारण तो धातूच हलका. निम्म्या चांदीच्या मिश्रणाची घनता साधारण साडेनऊ येते, तांबं-निकेलची नऊच्या जरा खाली. बनवणाऱ्याने वजन पस्तीसला आणायचं ठरवलं तर नाणं जाड करावं लागतं, मग ते कॅप्सूलमध्ये नीट बसत नाही. वजन, व्यास आणि जाडी, तिन्ही एकत्र जुळवणं स्वस्त धातूत फार अवघड, म्हणून एकट्या वजनावर थांबू नका, व्यास-जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर ठेवा, फक्त त्याच्या जबड्याला टिश्यू गुंडाळा.

आणि हे आकडे कुठून आणायचे, तर भारताच्या राजपत्रातून. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ मंत्रालय नियम प्रसिद्ध करतं, त्यात किंमत, आकार, व्यास, कडेला दाते किती, धातू कुठले किती टक्के, आणि दोन्ही बाजूंना काय लिहिलेलं असेल ते शब्दन् शब्द, हिंदीत आणि इंग्रजीत. फुकट आहे, ऑनलाइन आहे, आणि तरी प्रदर्शनात आलेल्या दहा जणांना विचारलं तर एखाद्यानेच वाचलेलं असतं. मी प्रत्येक नाण्याचं राजपत्र प्रिंट काढून फाइलला लावते. नाण्याबरोबर डबी नसली तर मला चालते, राजपत्राची प्रिंट नसली तर मला झोप लागत नाही. त्यामुळेच मला माहीत असतं की सगळी मोठी नाणी निम्म्या चांदीची नाहीत. १ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेच्या नव्वद वर्षांचं ९० रुपयांचं जे निघालं ते शुद्ध चांदीचं आहे, चाळीस ग्रॅमचं. ते पस्तीस भरलं तर खोटं, आणि संसद भवनाचं चाळीस भरलं तरी खोटंच.

पाण्याची परीक्षा मी फक्त आधीच कॅप्सूलबाहेर असलेल्या आणि संशय असलेल्या नाण्याला लावते. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यायचा, त्यावर डिस्टिल्ड वॉटरचा ग्लास ठेवून शून्य करायचं, आणि नाणं बारीक दोऱ्याच्या फासात अडकवून पाण्यात सोडायचं, तळाला नाही टेकवायचं, बाजूला नाही लागू द्यायचं. काटा जो आकडा दाखवेल ते नाण्याने सारलेलं पाणी. पस्तीस ग्रॅमचं निम्म्या चांदीचं नाणं असेल तर ३.६७ च्या आसपास, तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेल असेल तर ३.९ च्या पुढे. गांधींचं पंधरा ग्रॅमवालं १.४८ च्या आसपास येतं. शुद्ध चांदीचं चाळीसवालं ३.८१ च्या. बुडबुडा चिकटला तर आकडा चुकतो, म्हणून नाणं हळूच हलवून घ्यायचं. नंतर पुसायचं नाही, मऊ कपड्यावर ठेवून नुसतं टिपायचं. मला यात खरंच आनंद होतो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ग्लासात लोंबकळणारं नाणं आणि ते दशांश चिन्हापुढचे दोन आकडे, त्याच्यापुढे कुठलंही सर्टिफिकेट फिकं.

चुंबकाचं मात्र अर्धवट ऐकून लोक फसतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण तांबंही नाही चिकटत. तिरक्या धरलेल्या शुद्ध चांदीवरून ताकदीचं चुंबक हळूहळू घसरतं, ती परीक्षा शुद्ध चांदीला छान लागू पडते, निम्म्या चांदीच्या नाण्याला नाही, कारण निकेल-जस्त मिसळलं की विजेचा प्रवाह तसा वाहत नाही. बर्फ लवकर वितळतो ती परीक्षाही तशीच. अस्सल नाणं त्यात "नापास" होतं आणि बिचारा माणूस चांगलं नाणं मातीमोल विकून येतो.

आणि वाजवून बघणं, ते तर कृपा करून प्रूफला करू नका. जुन्या सराफांची सवय, फरशीवर टाकायचं आणि खणकन वाजतंय का ऐकायचं. राणीछाप रुपयाला चाललं असेल ते. प्रूफ एकदा फरशीवर पडलं की त्याची कड गेली, आरसा गेला.

टंच म्हणजे धातूची शुद्धता काढायला झवेरी बाजारात लोक जातात, मशीन असतं, नाणं आत ठेवलं की क्ष-किरणांनी दोन-चार मिनिटांत धातूंची टक्केवारी छापून मिळते. चांगली सोय आहे, नाण्याला ओरखडाही येत नाही. पण ते मशीन वरचा अगदी पातळ थर वाचतं. तांब्यावर चांदीचा जाड मुलामा असेल तर ते खुशाल चांदी म्हणून सांगेल. याच्या उलटही होतं. निम्म्या चांदीची चकती तापवून आम्लात धुतली की वरचं तांबं थोडं निघून जातं आणि चांदी राहते, मग खऱ्या नाण्याचंही रीडिंग पन्नासच्या बरंच वर येऊ शकतं. ओळखीतला एक मुलगा अशी पावती नाचवत आला होता, म्हणाला माझ्या नाण्यात पन्नासपेक्षा जास्त चांदी निघाली, मिंटने चुकून जास्त घातली असणार. त्याला समजावलं, बाबा, तू पावतीवर निकेल आणि जस्त आहे का ते बघ आधी. या नाण्यांत ते दोन्ही असायलाच हवेत, आणि बनवणारा सहसा एवढी चारपदरी मेहनत घेत नाही. टंच आणि पाणी, दोन्ही एकत्र जुळले की मग शंका संपते.

पण माझी स्वतःची सगळ्यात आवडती परीक्षा भिंगाची. दहापट दाखवणारं छोटं भिंग, एकच दिवा, बाकी लाइट बंद, आणि वेळ. गांधींचं नाणं घेते समोर. दिव्याच्या उजेडात ते तिरकं करत करत नेलं की एका विशिष्ट कोनात आरशाच्या जागी अगदी बारीक, समांतर रेघा उजळतात. पहिल्यांदा बघणारा म्हणेल, अरेरे, ओरखडे. थांबा. टांकसाळीत डाय घासला त्याच्या रेघा डायवर खोल होत्या, म्हणून नाण्यावर त्या उंच येतात, वर उठलेल्या. त्या रेघा गांधींच्या कानाशी येतात आणि थांबतात, अक्षराच्या कडेला येतात आणि थांबतात, पलीकडून पुन्हा त्याच सरळीत सुरू होतात, कारण डायवर चेहरा खोलात होता, घासणाऱ्याचा हात तिथे पोचलाच नाही. आता कोणी तरी नाणं कापडाने पुसलेलं असेल तर त्या रेघा खोल असतात, चमकून काळ्या दिसतात, आणि त्या कशालाच जुमानत नाहीत, मैदानातून, म्हणजे नाण्याच्या मोकळ्या जागेतून, निघून कानावरून, गालावरून, अक्षरावरून सरळ पार जातात. एकदा हा फरक दिसला की मग तो न दिसणं शक्यच नाही. पहिल्या प्रकारच्या रेघा म्हणजे मुंबईतल्याच कुणा कारागिराच्या हाताची हालचाल, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. मी ते बघत अर्धा-अर्धा तास बसते.

भिंगाखाली ओतीव नकलही लगेच कळते. अक्षरांच्या कडा विरघळलेल्या, मैदानात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, कडेवर गोल फिरलेली जोडाची रेघ. चांगली नकल डायने पाडलेली असते, ती जास्त धोकादायक, पण तिचाही एक दोष असतो. खऱ्या नाण्यावरून ठसा उचलताना त्या नाण्यावरचा एखादा टोचा ठशात उतरतो आणि मग प्रत्येक नकलेवर त्याच जागी तोच टोचा. म्हणून एकाच विक्रेत्याच्या दोन नाण्यांचे फोटो मागवा. आणि कड. ४४ मिलिमीटरच्या या नाण्यांना राजपत्राप्रमाणे २०० दाते असतात. नाणं कॅप्सूलबाहेर असेल तर चारही बाजूंनी कडेचे फोटो काढायचे आणि पाव भागात पन्नास येतात का ते स्क्रीनवर मोठं करून मोजायचं. कंटाळवाणं आहे, पण नकलवाला नेमका इथेच आळस करतो, कारण कडेकडे कोणी बघत नाही हे त्याला माहीत असतं.

टांकसाळीची खूणही बघा. मुंबईच्या चलनी नाण्यांवर सालाखाली छोटा हिरा असतो, तुमच्या पाकिटातल्या सुट्ट्या पैशातही सापडेल. हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याला खूण नाही. मुंबईच्या प्रूफवर मात्र अक्षर यायचं, १९९५ पर्यंत इंग्रजी बी, शहराचं नाव बदललं आणि १९९६ पासून एम. त्यामुळे १९८५ चं इंदिरा गांधींचं शंभर रुपयांचं कोणी तुम्हाला एम अक्षरासकट दाखवलं तर हात जोडून पुढे जा. तसंच रुपयाचं नवं चिन्ह. ते २०१० ला ठरलं आणि नाण्यांवर २०११ पासून आलं. २००७ चं लोकमान्य टिळकांचं शंभर रुपयांचं आणि त्यावर नवं चिन्ह, असं काही दिसलं तर अजून काही तपासायची गरजच नाही.

नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या परदेशी ग्रेडिंग कंपन्यांच्या प्लास्टिकच्या पेट्या, स्लॅब म्हणतात त्याला, हल्ली आपल्याकडेही खूप दिसतात. नंबर वेबसाइटवर टाकून बघता येतो, पण खोट्या पेटीवर खरा नंबर छापलेलाही असतो, म्हणून नंबर जुळला एवढ्यावर खुश होऊ नका, तिथला फोटो आणि समोरचं नाणं डाग न् डाग जुळवा. आणि जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो सांगणारे व्हिडिओ आणि फोन, त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच लोकांना सावध केलंय, बँकेचं नाव वापरून कमिशन मागतात म्हणून. त्यावर अजून काय बोलायचं.

मुंबईत खऱ्या नाण्याचा खरा शत्रू म्हणाल तर ती हवा. समुद्र, दमट, जुलैत भिंतीलासुद्धा घाम. चांदी गंधकाने काळी पडते, आणि गंधक कुठून येईल सांगता येत नाही, रबरबँडमधून येतं, लोकरीतून येतं. सगळ्यात वाईट म्हणजे स्वस्त, मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं. ती पीव्हीसीची असतात, काही वर्षांनी त्यातून चिकट हिरवट थर नाण्यावर उतरतो आणि धातू खायला लागतो. मामाच्या काही नाण्यांवर तो होता, शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता काढला, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस बंद करून. पण नैसर्गिक काळसर, निळसर झाक आली असेल तर तिला हात लावू नका. चांदीची भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, चिंच, रांगोळी, यातलं काहीही प्रूफला लावलं की संपलं. कोणी तरी प्रेमाने, दिवाळीला घरातली चांदी काढली तेव्हा सोबत घासून लख्ख केलेलं गांधींचं प्रूफ माझ्याकडे आलंय, भिंगाखाली गोल गोल रेघांचं जाळं, चेहऱ्यावरून गेलेलं. ते मी विकत घेतलं, वितळवायला जाऊ नये म्हणून.

कारण हल्ली ती भीती मोठी आहे. चांदी किलोला लाखाच्या पार गेली तेव्हापासून सराफांकडे जुनी नाणी वजनावर येतायत. पस्तीस ग्रॅमच्या जुन्या शंभराच्या नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी, एवढाच त्याचा हिशेब होतो, आणि वर "घट" म्हणून काही कापलं जातं ते वेगळंच. मध्ये एका ओळखीच्या बाई सासऱ्यांचा डबा घेऊन सराफाकडे निघाल्या होत्या, सहज बोलता बोलता कळलं. डब्यात सत्तरच्या दशकातली "सबके लिए अन्न"वाली नाणी, १९८२ च्या एशियाडचं शंभर रुपयांचं, सगळी मूळ पॅकिंगमध्ये. मी म्हटलं काकू, विकायची असतील तर खुशाल विका, पण चांदी म्हणून नका विकू, आधी संग्राहकाला दाखवा. त्यांनी एक ठेवून घेतलं आणि बाकी नीट माणसाकडे गेली.

त्या डब्यात एक गोष्ट होती जी मला कुठल्याही मखमली डबीपेक्षा मोलाची वाटली. प्रत्येक नाण्यासोबत सासऱ्यांनी कागदाचा छोटा तुकडा ठेवला होता, कधी घेतलं, कुठून घेतलं, किती पैसे दिले. तेव्हापासून मीही ठेवते. तारीख, कोणाकडून, वजन, पाण्यातला आकडा, कडेचे दाते मोजले की नाही, भिंगाखाली कुठे काय दिसलं, "डाव्या गालाशी डायच्या तीन रेघा, वर उठलेल्या" असं. पुढे हे कोणाच्याही हातात गेलं तरी त्याने आधी नाणं आणि चिठ्ठी जुळवून बघावं. कागद आम्लमुक्त घ्यायचा, फोर्टात स्टेशनरीवाल्यांकडे मिळतो, पेन्सिलने लिहायचं, शाईने नाही, आणि चिठ्ठी कॅप्सूलच्या आत कधीच घालायची नाही, बाहेर ठेवायची.